मदत हवी आहे: झिंकभोवती सेलेनियम २.६ आणि टेल्युरियम १.४ कसं येईल?

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे आणि एका आकड्यापाशी तीन आठवडे अडकून पडले आहे. एक्झाफ्सवर (क्ष-किरणांच्या शोषणावरून एखाद्या अणूभोवतीचे शेजारी आणि त्यांची अंतरं काढायची पद्धत) काम केलेलं कुणी इथे असेल तर कृपया वाचा.

नमुना झिंक सेलेनाइड-टेल्युराइडचा, निम्मं सेलेनियम, निम्मं टेल्युरियम. एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, ज्यातून स्फटिकाची सरासरी रचना कळते) स्वच्छ आहे. पहिलं शिखर २६.२ अंशांवर (कॉपर के-अल्फा), एकच आणि टोकदार. जाळी (स्फटिकाच्या एकक घनाची बाजू) ५.८८५ अँगस्ट्रॉम, म्हणजे वेगार्डच्या नियमाप्रमाणे (मिश्रणाच्या प्रमाणात जाळी सरळ रेषेत बदलते) दोन शुद्ध संयुगांच्या बरोब्बर मधोमध. त्यावरून झिंकचा शेजाऱ्याशी बंध २.५५ निघतो.

पण या लांबीचा बंध नमुन्यात बहुधा एकही नाही! मिकेलसन आणि बॉइस यांनी १९८२ मध्ये गॅलियम-इंडियम आर्सेनाइडमध्ये हेच दाखवलं होतं: जाळीवरून काढलेला सरासरी बंध ०.१७ अँगस्ट्रॉमने बदलतो, पण प्रत्यक्ष गॅलियम-आर्सेनिक बंध जेमतेम ०.०४ ने हलतो. मी या विषयाकडे वळले ती हे वाचूनच.

सेलेनियमच्या के-एजवर (ज्या ऊर्जेला सेलेनियम क्ष-किरण एकदम जास्त शोषतं; तिथे सेलेनियमभोवतीचे शेजारी दिसतात) माझंही तसंच आलं. चार झिंक, अंतर २.४७. शुद्ध झिंक सेलेनाइडमध्ये ते २.४५ असतं. इथवर सगळं छान.

घोळ झिंकच्या एजवर आहे. तिथे दोन प्रकारचे शेजारी एकमेकांत मिसळलेले. फिट करताना शेजाऱ्यांच्या संख्या मोकळ्या सोडल्या की सेलेनियम २.६, टेल्युरियम १.४ येतं आणि टेल्युरियमचा सिग्मा-स्क्वेअर (अंतरांचा विखुरलेपणा, जो उणे असूच शकत नाही) उणे जातो. ग्रुपमध्ये सगळे म्हणतात, 'सेलेनियमचे पुंजके झालेत, तसं लिहून टाक.' माझं मन घेत नाही. के-रेंज (फिटसाठी वापरलेला तरंगसंख्येचा पट्टा) ३ ते ११ आहे. पावडर अगेटच्या खलात घोटून बोरॉन नायट्राइडमध्ये मिसळली होती.

हे खरंच पुंजके असू शकतात का?

प्रतिसाद

तुमचं मन बरोबर सांगतंय, लिहू नका. झिंकचे चारही शेजारी सेलेनियम किंवा टेल्युरियमच असतात. नमुना निम्मा-निम्मा असेल तर सरासरी २ आणि २ च यायला हवी, अणू विखुरलेले असोत की पुंजक्यात. पुंजक्यांनी बदलतं ते पाच प्रकारच्या चतुष्फलकांचं (झिंक आणि त्याचे चार शेजारी, ज्यांत सेलेनियम शून्य ते चार) प्रमाण, जे यादृच्छिक मांडणीत १:४:६:४:१ असतं. पहिल्या कवचाच्या (सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांच्या) सरासरी संख्येत ते दिसतच नाही.

२.६ खरं असतं तर टेल्युरियम ३५ टक्क्यांवर आलं असतं आणि तुमचं शिखर २६.५ ला गेलं असतं. ०.३ अंशांचा फरक लपत नाही.

दोष फिटिंगचा आहे. के-रेंज ८ ची, म्हणजे ०.२ अँगस्ट्रॉमच्या आतली दोन अंतरं नुसत्या डोळ्यांनी वेगळी होणार नाहीत आणि तुमची दोन त्याच्या आत आहेत. शिवाय संख्या आणि सिग्मा-स्क्वेअर एकमेकांना ओढतात. संख्या २-२ वर बांधा. अँप्लिट्यूड फॅक्टर (संकेताच्या उंचीचा गुणक) त्याच दिवशी मोजलेल्या शुद्ध झिंक सेलेनाइड आणि टेल्युराइडवरून घ्या. मग दोन्ही एज एकत्र फिट करा. झिंक-सेलेनियम बंध दोन्हीकडून बघितला तरी तोच, म्हणून अंतर आणि सिग्मा-स्क्वेअर सामाईक ठेवा. ई-नॉट (ऊर्जा मोजायचा आरंभबिंदू) मात्र दर एजला वेगळा.

धागाकर्ती

मनापासून आभार! काल रात्री तसंच बसवलं. झिंक-सेलेनियम २.४७, झिंक-टेल्युरियम २.६२, सिग्मा-स्क्वेअर दोन्ही धन. दोघांची सरासरीही एक्सआरडीच्या २.५५ च्या अगदी जवळ येते. मुख्य म्हणजे सामाईक अंतर बांधल्यावरही सेलेनियमच्या एजचं फिट बिघडलं नाही.

आता पुंजक्यांचा प्रश्न नीट विचारायचा तर सेलेनियमचं दुसरं कवच बघावं लागेल ना? १२ शेजाऱ्यांत सेलेनियम सहापेक्षा जास्त आहेत का, ते. खोलीच्या तापमानाला ते कवच फार क्षीण दिसतंय. द्रव नायट्रोजनवर पुन्हा मोजायचा अर्ज करू, की आहे त्यातून काही निघेल?

प्रतिसाद

अर्ज करा. ७७ केल्विनला दुसरं कवच बरंच उठून येईल. शुद्ध नमुनेही त्याच तापमानाला मोजा, नाहीतर तुलना करता येणार नाही.