मदत हवी आहे: पेशवेकालीन व्यक्तिचित्रं, एसओपीत विषय काय लिहू?

चिंचपेटी: शुक्रवारपर्यंत एसओपी (प्रवेश अर्जासोबतचं उद्देशपत्र) द्यायचाय. पेशवेकालीन व्यक्तिचित्रांवर काम करायचं आहे. मॅडम म्हणाल्या, विषय फार पसरट आहे, नेमका कर. नेमका म्हणजे किती? आणि पुढे यात नोकरी लागते का? गूगल करून झालंय, प्लीज लवकर.

कसबापेठी: एमए की पीएचडी? पदवी कशात? मोडी लिपी येते का? काहीच न सांगता काय डोंबल उत्तर देणार?

खडूवाला: जेम्स वेल्स घे, डोळे झाकून. स्कॉटिश चित्रकार, १७९१ला मुंबईत उतरला, मग पुण्यात येऊन सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी रंगवले. १७९५मध्ये गेलाही. चारेक वर्षांचा मामला, यापेक्षा नेमकं काय हवं?

कसबापेठी: वेल्सवर गोऱ्या साहेबांनी भरपूर लिहिलंय. त्यापेक्षा गंगाराम तांबट बघ. पुण्याचाच माणूस, पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट मॅलेट, त्याच्यासाठी चित्रं काढायचा. पण ती येल विद्यापीठात आहेत, अमेरिकेत.

खडूवाला: तांबट व्यक्तिचित्रांसाठी ओळखला जातो का? लेणी, प्राणी, पैलवान जास्त. आणि त्याच मॅलेटने पुढे १७९९मध्ये वेल्सच्या मुलीशी, सुसॅनाशी लग्न केलं, हे माहीत आहे का?

कसबापेठी: पोरगी विषय विचारतेय, तुम्ही सोयरीक सांगताय.

लाडघरकर: आमच्याकडे पणजोबांचं तैलचित्र आहे. दर दिवाळीला कापलेल्या बटाट्याने पुसतो, मस्त उजळतं.

पाठकोरा: अहो बटाटा नका लावू! स्टार्च रंगाच्या भेगांत बसतो, पावसाळ्यात बुरशी धरते.

चिंचपेटी, नोकरीचं सांगते. मी चार वर्षं लिलावघरात कॅटलॉग लिहिला. निम्मा दिवस चित्राची पाठ बघण्यात जायचा: जुन्या लिलावाची चिठ्ठी, कॅनव्हास विकणाऱ्याचा शिक्का, चौकटीवर खडूने लिहिलेला आकडा. एकदा 'पेशवे सरदार' म्हणून आलेल्या चित्रावर भिंग धरलं, तर रंगाखाली फोटो! पगार बेताचा. संग्रहालयांत जागा निघतात, पण वाट बघावी लागते.

खडूवाला: चेहरा ओळखायची नजर हवी, बाकी सगळं नंतर.

पाठकोरा: नजरेच्याच भरवशावर लोक इब्राहिमखानाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून भिंतीला लावत होते. खरं चित्र १९३३मध्ये इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी पुढे आणलं, तेही जुने कागद धुंडाळून.

कसबापेठी: म्हणूनच पहिल्यापासून ओरडतोय, मोडी!

चिंचपेटी: सॉरी, कॉलेजात होते. एमए इतिहास झालंय, एसओपी पीएचडीचा. मोडी येत नाही, तीन दिवसांत येणारही नाही. वेल्सच्या चित्रांतल्या फक्त पगड्या आणि दागिने घेतले तर? पुण्यात समोर बसवून काढलेलं आणि नंतर त्यावरून विलायतेत रंगवलेलं, अशी तुलना. इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने पेशव्यांच्या दरबारातल्या मॅलेटचं मोठं चित्र वेल्सच्याच रेखाटनांवरून केलं होतं ना?

पाठकोरा: हो, वेल्स गेल्यावर. हे चालेल. नानांची पगडी आणि भिकबाळी दोन्हीकडे तशीच आहे का, इथून सुरू कर. एसओपीत 'मोडी शिकते आहे' असं लिही आणि खरंच शीक. भारत इतिहास संशोधक मंडळात विचार.

खडूवाला: म्हणजे शेवटी वेल्सच. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

लाडघरकर: मग आता पणजोबांना पुसू कशाने?