मदत हवी: बुटके डॉग फ्लॉवर उंच होऊन आडवे पडताहेत

चाफेकळी:
१२ कुंड्या, बुटक्या जातीचं बी. पाकिटावर उंची ८ इंच लिहिलीय, रोपं फूटभर झाली आणि आता लवंडताहेत. कळीचा पत्ता नाही. पाणी रोज, खत वेळेवर. २० जानेवारीला आईची पंचाहत्तरी. तिच्या माहेरच्या अंगणात हीच फुलं होती, दाबली की तोंड उघडणारी. लवकर सांगा प्लीज.

मातीगंध:
गाव कुठलं? पेरलं कधी? ऊन किती? खत कुठलं?

चाफेकळी:
पुणे. दिवाळीत पेरलं. ऊन येतं की. खत युरिया, दर आठवड्याला कुंडीमागे चमचाभर.

शेवंती:
केळीच्या सालीचं पाणी घाला. माझा झेंडू, जास्वंद सगळं त्यावरच फुलतं.

मातीगंध:
शेवंतीताई, थांबा जरा. युरिया म्हणजे नुसतं नत्र. पाला माजतो, खोड लुसलुशीत होतं, कळ्या मागे पडतात. आधी तो बंद करा. आणि "येतं की" म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

चाफेकळी:
साडेसात ते नऊ. मग समोरची इमारत आड येते.

कुंडीवेडा:
दीड तासात काय होणार! सहा तास तरी हवं. सगळ्यांचे शेंडे खुडा, बाजूने फुटवे येऊन झाड डेरेदार होईल.

मातीगंध:
आता खुडू नका! शेंडा खुडायचा तो रोप तीन-चार इंचांचं असताना. आज खुडलात तर फुलं दोन-तीन आठवडे पुढे जातील.

कुंडीवेडा:
मी फूटभर रोपांचे खुडलेत, छान फुटली.

मातीगंध:
फुटतात, नाही कोण म्हणतंय? प्रश्न वीस तारखेचा आहे.

दूरदेशी:
आम्ही टोरांटोत वसंतात लावतो, हलक्या थंडीला हे झाड बधत नाही. बी पेरताना मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. आणि वाळलेली बोंडं बघाच, हुबेहूब कवटीसारखी!

चाफेकळी:
पेरणी झालीय हो. आत्ता पान उलटून पाहिलं, खाली चॉकलेटी ठिपके आहेत. बोट फिरवलं तर पूड लागते.

मातीगंध:
हा तांबेरा, बुरशीचा रोग. झारीने वरून पाणी घालता ना, तेही संध्याकाळी? पानं रात्रभर ओली राहिली की तो पसरतो. लागण झालेली पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. फार लागलेली रोपं उपटून टाका. पाणी सकाळी, बुंध्याशी, तेही माती वरून सुकली तरच. कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. उन्हात न्यायच्या तर तीन-चार दिवसांत हळूहळू न्या. आणि भरवसा नको, नर्सरीतून कळ्या लागलेली चार रोपं आणून ठेवा, जानेवारीत भरपूर मिळतात.

शेवंती:
माझ्या मोगऱ्याला मुंग्या लागल्यात. इथेच विचारू का?

चाफेकळी:
तीन रोपं उपटली. नऊ आहेत, ती सोसायटीच्या गच्चीवर नेतेय. काडीला बांधायला सुतळी चालेल?

मातीगंध:
लोकर घ्या, सुतळीने खोड कापतं. सैल बांधा.