सरपणासाठी चेन सॉ कुणी घेतलीय का? अनुभव सांगा

मालदांडी
परवा सकाळी भाकऱ्या थापत होते आणि शेजारच्या रानातून घर्रर्र सुरू झालं. वादळात पडलेलं कडुलिंबाचं झाड, त्यांनी तासाभरात कापून ढीग लावला. तवा तसाच ठेवून मी बघत उभी. भाकरी करपली ते वेगळंच.

मला आठवली अण्णांची करवत. दोन माणसांची, दोन्हीकडं लाकडी मुठी. दिवाळीची सुट्टी लागली की एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला दादा. अण्णा ओंडक्यावर पाय देऊन बसायचे आणि एकच वाक्य, "ओढायचं फक्त. ढकलायचं नाही." ढकललं की पातं वाकतं. दादा मुद्दाम ढकलायचा, पातं टंय्य करायचं आणि बोलणी दोघांना बसायची. त्याच लाकडावर बंब पेटायचा आणि पहिल्या आंघोळीला कुणाचा नंबर यावरून परत भांडण.

तर आता. मे महिन्यातल्या वाऱ्यात आमच्या बांधावरची बाभूळ आडवी झाली. बुंधा माझ्या कवेत मावत नाही. घरात गॅस आहे, गिझर आहे, पण सासूबाईंना बंबाचंच पाणी लागतं. थंडीत हुरड्याला माणसं येतात, तेव्हा आगटीला जळण लागतं. कुऱ्हाडीवाला मिळत नाही. मिळाला तर आठशे रुपये आणि तीनदा चहा, त्यात दिवसभर झाडाकडं बघून "लई अवघड हाय ओ वहिनी" एवढंच.

आमचे हे म्हणाले मशीन घेऊ. दुकानात गेलो तर पेट्रोलची, लाईटची, बॅटरीची. पात्याची लांबी १२ इंच, १६, १८, २२. दुकानदार २२ इंचवाली ५८ सीसी गळ्यात मारायला बघत होता. डोकं फिरलं, परत आलो. ज्यांनी वापरलीय त्यांनी बरं-वाईट सगळं लिहा.

कडक_भाकरी
२२ इंच? ताडोबा तोडायला निघालाव का?

केगाव_नाका
ताई ती ५८ सीसीवाली मी घेतलीय. ऑनलाईन, स्वस्तात. माझी चूक ऐका म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

हे टू-स्ट्रोक इंजिन. ह्याला ऑईलचा वेगळा चेंबर नसतो, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळूनच टाकायचं, पूर्वी लुनात टाकायचो तसं. माझ्या मशीनला २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. चांगल्या कंपनीच्या ५० ला १ वर चालतात, लिटरला २० मिली. जे पुस्तकात लिहिलंय तेच. मी हे सगळं समजून घेतलं, घरात कुणाला सांगितलं नाही. धाकट्या भावानं मोटारसायकलमधलं साधं पेट्रोल काढून टाकलं. वीस मिनिटं मशीन अशी पळाली की विचारू नका, भाऊ म्हणतो काय पावर हाय बे! मग टक्क. पिस्टन जाम. दुरुस्तीला निम्मी किंमत गेली.

आणि चेनचं ऑईल वेगळं, त्याची टाकी वेगळी. ते संपलं की चेन कोरडी घासते, बार (ज्या लांब पात्यावर चेन फिरते तो) निळा पडतो. दोन टाक्या, दोन झाकणं. आता मी झाकणांवर रंग लावलाय.

भगवंताची_बार्शी
लाईटची घ्या. घराजवळच कापायचं ना? मी १६ इंचवाली २००० वॉटची चार वर्षं वापरालोय. बटण दाबलं की सुरू. दोरी ओढून खांदा उतरत नाही, धूर नाही, कार्बोरेटर नाही.

फक्त वायर. घरातलं पंख्याचं एक्स्टेन्शन लावू नका. लांब आणि बारीक वायर असली की तिच्यातच व्होल्टेज पडतं, मोटार गरम होऊन वास मारते. २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या, ३० मीटरपर्यंत मला तरी त्रास नाही. वायर कायम पाठीमागं, खांद्यावरून. पाऊस पडताना अजिबात नाही.

कडक_भाकरी
आणि लाईट?

भगवंताची_बार्शी
ती महावितरणला विचारा. घरची असती ओ. शेतीची मात्र रात्रीची पाळी आली की बसा मोटारीजवळ बॅटरी घेऊन. रात्री लाकडं कापायला मी काय चोर हाय का.

पुण्यात_अडकलो
बंब!!! ताई रडवलंत. आमच्या घरी तांब्याचा होता, मधे नळकांडं, खाली निखारे. आईनं चिंचेनं घासला की डोळे दिपायचे. पाण्याला धुराचा वास यायचा आणि तो वास शाळेत गणिताच्या तासापर्यंत अंगाला असायचा. गिझर आल्यावर बंब भंगारात गेला. मी हॉस्टेलला होतो, मला कुणी विचारलंच नाही. अजून राग आहे.

चेन सॉबद्दल काही माहिती नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो.

मालदांडी
आमचा आहे अजून. या आंघोळीला.

मंगळवेढ्याची_सून
बॅटरीची ६ इंची मिनी मशीन आहे आमच्याकडं, डाळिंबाच्या छाटणीला घेतली होती. बोटभर-मनगटभर फांद्यांना झकास, एका हातात मावते. पण गेल्या वर्षी वाळल्या बाभळीला लावली. दोन तुकडे झाले, तिसऱ्याला बॅटरी उतरली. चार्जिंगला लावून स्वयंपाक उरकला, परत दोन तुकडे. त्या हिशेबानं तुमची बाभूळ पुढच्या आषाढीपर्यंत संपेल.

(रात्री लिहितेय, पोरगं झोपेना, चुका झाल्या तर समजून घ्या.)

रंधा_आणि_करवत
सुतारकीतला माणूस आहे, थोडं लांबेल.

पहिलं, बाभूळ ओली आहे तोवर कापून घ्या. लोक म्हणतात वाळू दे मग कापू. वाळलेली बाभूळ लोखंड असते, चेनचे दात खाते. बैलगाडीची चाकं उगाच तिची करत नव्हते. आता कापा, फोडा, पत्र्याखाली दगडावर रचा. जमिनीला टेकवली तर वाळवी. पाच-सहा महिन्यांत जळण तयार. ओलं जाळलं तर नुसता धूर, आणि सासूबाई तुम्हाला बोलणार.

दुसरं, मशीन कापते, फोडत नाही. हे दुकानदार सांगत नाही. ओंडक्याचे आडवे गोल तुकडे होतील, पण बंबाच्या तोंडात जातील अशा ढलप्या करायला कुऱ्हाड, पाचर आणि घण लागतोच. म्हणून तुकडे वीतभरच पाडा. आखूड तुकडा एका घावात उकलतो. गाठीचा असला तर नाद सोडा, हुरड्याच्या आगटीला ठेवा, रात्रभर जळतो.

तिसरं धार. बाहेर पडतो तो भुगा बघत राहा. खवल्यासारखे कपचे पडतायत तोवर धार आहे. पिठासारखी पूड पडायला लागली की थांबा, जोर लावून मशीन जळते. धार गोल कानशीनं, आणि कानस चेनच्या मापाची, चेनचं माप इंचात लिहिलेलं असतं. लहान मशीनची ३/८ लो प्रोफाइल चेन असली तर ४ मिलीमीटर, .३२५ ची असली तर ४.८. तिरकस ३० अंशात धरून आतून बाहेर, प्रत्येक दाताला मोजून सारखेच हात. एका बाजूच्या दातांना तीन आणि दुसऱ्या बाजूला पाच मारले की काप वाकडाच जाणार.

ओंडका मातीत टेकलेला ठेवून कापू नका. चेन एकदा मातीला लागली की धार संपली. खाली दोन आडवी लाकडं सरकवा.

मालदांडी
बापरे. हे वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात दूध उतू गेलं.

केगाव_नाका
दादा तुम्ही कुठं होता मी मशीन घेताना

रात्रपाळी
नर्स आहे. माझ्याकडं जे येतात ते मशीन चांगली की वाईट हे सांगायला येत नाहीत.

बहुतेक डावी मांडी नाहीतर डावा हात. मशीनचं टोक, त्यातही टोकाचा वरचा भाग, लाकडाला लागला की मशीन उसळून अंगावर येते. विचार करायला वेळच नसतो. पुढच्या मुठीसमोर जो प्लास्टिकचा कठडा असतो तो चेनचा ब्रेक, तो चालतो का हे दुकानातच बघा. ब्रेक नसलेली मशीन फुकट दिली तरी नको. दोन्ही हातांनी धरायची, डावा अंगठा मुठीखालून. खांद्याच्या वर उचलून कापायचं नाही. शिडीवर चढून तर नाहीच. चष्मा, कानाला काहीतरी, आणि चप्पल नाही, बूट.

मालदांडी
पदर खोचून करेन ओ.

रात्रपाळी
खोचून नाही. पॅन्ट. ओढणी, उपरणं, लुंगी काहीही लोंबतं नको. तुमच्या ह्यांची घट्ट जीन्स घाला.

कडक_भाकरी
ह्यांना मग लुंगीवर बसवा चहा करायला

अक्कलकोट_रोड
आमच्या दारातला लिंब. पडला नव्हता, एक फांदी गच्चीवर आली होती. माणूस बोलावला, स्वतःची मशीन घेऊन आला. पहिल्याच कापाला ठिणग्या. आजोबांनी कपडे वाळत घालायला मारलेला हूक, झाडानं गिळलेला. वरून काही दिसत नव्हतं. त्याच्या चेनचे चार दात गेले, भरून आम्ही दिले. बांधावरची बाभूळ म्हणजे कुंपणाची तार असणारच. आधी हात फिरवून बघा, साल फुगलेली दिसली तर तिथून वीतभर बाजूला कापा.

आणि कापायला झाड पडलेलं आहे म्हणून ठीक. उभं असतं तर, शहरात महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा कायदा आहे. गावाकडं १९६४ चा, त्यात चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या रानातली असली तरी विचारल्याशिवाय तोडता येत नाहीत. आमच्या गल्लीत एकानं मशीन घेतल्या-घेतल्या हौसेनं नको ते झाड पाडलं, मग खेटे.

हुरडा_पार्टी
स्टील घ्या. १८० नंबरची. डोळे झाकून.

मालदांडी
सगळ्याच स्टीलच्या असतात ना?

हुरडा_पार्टी
हाहाहा. कंपनीचं नाव आहे ओ, जर्मन. ३१.८ सीसी, हलकी, घरच्या सरपणाला भरपूर. महाग आहे पण सुटे भाग मिळतात. ५८ सीसी उचलून बघा एकदा, दहा मिनिटांत कंबर बोलते. सीसी बघून मशीन घेणं म्हणजे शिंग बघून म्हैस घेणं.

मराठी_मेडिको
अवांतर: चेनची करवत पहिल्यांदा झाडांसाठी नव्हतीच. १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने नावाच्या जर्मन डॉक्टरनं हाडं कापायला हातानं फिरवायची साखळीची करवत केली होती. आणि ह्या स्टीलवाल्याची १९२६ ची पहिली मशीन विजेवरची होती, ४८ किलोची. दोन माणसं लागायची.

मालदांडी
दोन माणसं! म्हणजे अण्णांचीच करवत, वायर लावलेली.

रात्रपाळी
हाडांचं वाचून जेवण राहिलं. थँक्यू.

सोन्नलगी
पेट्रोलवाली घेतली तर एक. काम झालं की टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते हवेतलं पाणी ओढतं, महिनोन्महिने पडून राहिलं की कार्बोरेटरमध्ये घाण धरते. मी दिवाळीला ठेवली, उन्हाळ्यात काढली, दोरी ओढून-ओढून हाताला फोड.

कडक_भाकरी
आपल्याच उसाचं इथेनॉल आपल्याच मशीनला बाधालंय. बिल मात्र कारखान्याकडं अजून बाकी.

सोन्नलगी
तो धागा वेगळा काढा, हजार प्रतिसाद येतील.

पुण्यात_अडकलो
सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला येणार आहे जानेवारीत. हुरडा कुणाकडं?

मंगळवेढ्याची_सून
तुम्हाला बंब, हुरडा, सगळंच पाहिजे. मशीन घेऊन या येताना.

मालदांडी
घेतली. लाईटची, १६ इंच, ब्रेक दुकानात तीनदा बघितला, दुकानदार वैतागला. २.५ ची वायर, दोन कानशी, चष्मा. जीन्स ह्यांची, कंबरेला दोरी बांधून.

काल पहिल्या दिवशी फांद्या झाल्या. बुंधा अजून आहे, पावसाच्या आत उरकायचाय. एका जागी खरंच तार निघाली, साल फुगलेली होतीच, वीतभर सोडून कापलं. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. संध्याकाळी म्हणाल्या, "आवाज लई करती, पण तीनदा चहा मागत नाही."

दादाला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, करवत गावाकडं माळ्यावर आहे अजून, गंजलीय पण मुठी शाबूत. दिवाळीला घेऊन येतो म्हणाला, एक ओंडका ठेव. @रंधा_आणि_करवत, एवढ्या जुन्या करवतीला धार कोण लावून देईल?

रंधा_आणि_करवत
मी. मंगळवार बाजारात या घेऊन. आधी रॉकेल लावून दोन दिवस ठेवा. आणि ढकलणारा कोण तो, त्याला सोबत आणू नका.

हुरडा_पार्टी
ते सगळं बरोबर, पण हुरड्याला कधी यायचं?

मालदांडी
मार्गशीर्षात. लाकडं वाळू द्या. शेंगाचटणी तुमच्याकडून.