मदत हवी आहे: मलई की बदामी? बैठकीच्या खोलीचा रंग ठरत नाहीये

बैठकीच्या खोलीला रंग द्यायचाय. शेडकार्ड चाळून चाळून दोनच शेड उरल्यात: एक मलई, किंचित पिवळसर झाक असलेली, दुसरी फिक्कट बदामी, करड्याकडे झुकणारी. घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतेय.

खिडकी एकच, पूर्वेला. सकाळी भरपूर ऊन, दुपारनंतर नुसता निळसर उजेड. फरशी गुलाबीसर आहे आणि ती बदलायची नाही. छत पांढरंच राहील. फिनिश मॅट ठरलंय, कारण जुन्या भिंतीवरची पुट्टीची ठिगळं चकाकीत लगेच उठून दिसतात.

मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात मारून ते भिंतीला टेकवून ठेवलेत. भिंतीवर थेट नमुना लावला नाही; तिथला जुना रंग पोपटी, त्याच्या शेजारी कुठलाही फिका रंग गुलाबीच भासतो. सकाळच्या उन्हात मलई चक्क पिवळीधमक दिसते आणि बदामी झकास. दुपार कलली की उलटं: मलई शांत, छान, आणि बदामी मळकट. फरशीजवळ तर ती जांभळट मारते! पुठ्ठा वर उचलला की जांभळटपणा बराच कमी होतो, म्हणजे फरशीचाच रंग भिंतीवर उडत असणार.

रात्रीचा घोळ वेगळाच. सध्याचे दिवे ६५०० केल्विनचे (म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाचे; आकडा कमी तितका उजेड पिवळसर), त्यात दोन्ही रंग निर्जीव. २७०० चा एक लावून पाहिला तर बदामीत जीव आला, पण मलई लोण्यासारखी झाली. ४००० चा अजून लावलेला नाही.

मलईचा एलआरव्ही (रंग किती टक्के उजेड परत फेकतो तो आकडा) ७५, बदामीचा ६०. चारही भिंती रंगल्यावर हा फरक किती जाणवतो? की भिंतींचा रंग एकमेकींवर पडून दोन्ही शेड पुठ्ठ्यापेक्षा गडदच वाटतील? बदामी निम्म्या ताकदीने (रंगद्रव्य अर्धंच घालून) बनवून घेतली तर जांभळट झाक जाते, की फिकी होऊन तशीच राहते?

खोलीत आमचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतर. त्यामुळे माझा कल बदामी आणि सोबत दिवे बदलणे याकडे आहे. नवऱ्याचं म्हणणं, दिव्यांसाठी रंग निवडायचा की रंगासाठी दिवे?

गुलाबीसर फरशी असलेल्यांनी जरूर लिहा. फोटो मुद्दाम टाकत नाहीये, मोबाइल दर वेळी वेगळाच रंग दाखवतो. आणि 'एक भिंत गडद करा' हा सल्ला कृपया नको, तो सासूबाईंनी आधीच दिलाय.