घडणावळीत कारागिराच्या आरोग्याचे पैसे धरावेत का?

वाकडी_फुंकणी (धागाकर्ता):
काही सराफांच्या पाटीवर अजून ‘९१६ केडीएम’ (९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, २२ कॅरेट) झळकतं आणि गिऱ्हाईक ते शुद्धतेचं लक्षण समजून आत शिरतं. केडीएम म्हणजे डाकेत, दागिन्याचे सांधे जोडायच्या मिश्रधातूत, कॅडमियम. जुनी डाक कमी कसाची असायची, त्यामुळे दागिना मोडीत घातला की सांध्यांपायी कस उतरायचा. ९२ भाग सोनं आणि ८ भाग कॅडमियम घेतलं की ती भानगड मिटली. पण कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं. ज्योत लागली की त्याची वाफ होते, आणि कारागिराचं नाक तिथून वीतभर लांब.

हॉलमार्कच्या मानकात आता कॅडमियमला जागा नाही, आणि २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होतोय. छान! पण ही सगळी काळजी गिऱ्हाइकाच्या सोन्याची. दागिन्यावरच्या सहा अक्षरी ओळख क्रमांकावरून, एचयूआयडीवरून, सराफ कळतो, हॉलमार्क केंद्र कळतं. दागिना कुठल्या माळ्यावर, कोणाच्या हातून घडला ते कळत नाही. घडणावळीत ग्रॅममागे १० रुपये वेगळे दाखवा. त्यातून माळ्यावर धूर ओढणारा पंखा बसवा आणि कारागिराची वर्षातून एकदा तपासणी करा. बोला.

तिसरी_पिढी_सराफ:
१० रुपये बोलायला सोपे आहेत. गिऱ्हाईक घडणावळीवरून अर्धा तास घासाघीस करतं, ते आम्ही बघतो. कॅडमियम आमच्याकडे कधीच बंद झालं, जस्त-इंडियमची डाक वापरतो. पाटी जुनी म्हणजे माल जुना असं नसतं. आणि कारागीर माझा नोकर नाही. तो सोनं वजन करून नेतो, दागिना वजन करून देतो, मजुरी घेतो. त्याच्या खोलीत मी पंखा कोणत्या हक्काने बसवू?

रात्रपाळी_डॉक्टर:
धागाकर्त्याच्या निम्म्या मागणीला माझा विरोध आहे. कॅडमियमचा धूर लागला की काही तासांनी घसा खवखवतो, ताप येतो, अंग मोडून येतं. माणूस ‘व्हायरल’ समजून गोळी घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेगडीपुढे बसतो. मात्रा मोठी असेल तर एक-दोन दिवसांत फुफ्फुसात पाणी भरतं. थोडं थोडं जात राहिलं तर मूत्रपिंडात साठतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायलाच १० ते ३० वर्षं लागतात. मूत्रपिंडासाठी नेहमी बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन बराच काळ नॉर्मल येतं. लघवीत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन बघावं लागतं, आणि ते साध्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये नसतं. साठलेलं कॅडमियम बाहेर काढणारं खात्रीचं औषध नाही. म्हणजे तपासणी नुकसान झालं एवढंच सांगणार. पैसे आधी धूर ओढण्यावर घाला.

गलाईवाल्याचं_पोरगं:
मी विट्याकडचा. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करायला, केरळपासून बंगालपर्यंत गेलीत. तेजाबात (ॲसिडात) सोनं टाकलं की तपकिरी धूर उठतो, त्यात माझ्या चुलत्याची उमर गेली. झारेकऱ्याचं तर विचारूच नका. पेढीचा केर धुवायचा, पाऱ्यात सोनं धरायचं आणि पारा शेगडीवर उडवायचा, तेही घरातल्याच खोलीत! हात थरथरायला लागले की लोक म्हणतात, दारू पितो.

तरी मला तुमचे १० रुपये नकोत. नियम आला की पहिलं कुलूप आमच्यासारख्या छोट्याला लागतं. मुंबईत काळबादेवी-भुलेश्वरकडं रहिवाशांनी तक्रारी केल्या, पालिकेनं धुराडी पाडली. शेजाऱ्याचं नाक वाचलं, धूर मात्र आतल्याच्याच वाट्याला आला.

पुणेरी_पगडी:
म्हणजे कुलूप नको म्हणून पारा श्वासातून घेत बसायचं? अजब तर्कट आहे!

गलाईवाल्याचं_पोरगं:
साहेब, तर्कट नाही, पोट आहे. कुलूप लावण्याआधी पर्याय द्या एवढंच म्हणतोय.

वाकडी_फुंकणी:
@तिसरी_पिढी_सराफ, नोकर नाही म्हणता, पण घट, म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं, किती धरायची ते कोण ठरवतं? तुम्हीच ना? जास्त भरली तर मजुरीतून कापता. सोन्याचा कण कुठे गेला याचा हिशोब त्याच्या खोलीतून मागता येतो, मग पंख्यापुरताच हक्क कसा आडवा येतो?

तिसरी_पिढी_सराफ:
घटीचा मुद्दा मान्य. पण तुम्ही माळ्यावर बसून बघा. कारागीर उन्हाळ्यातसुद्धा साधा पंखा बंद ठेवतो, कारण वाऱ्याने ज्योत हलते आणि कानशीने निघालेली सोन्याची भुकटी उडते. तुमचा ओढणारा पंखा ती भुकटी बाहेर फेकणार, ती घट कोण सोसणार? त्याचं उत्तर द्या, १० काय १५ देतो.

रात्रपाळी_डॉक्टर:
पंख्याच्या तोंडाला फिल्टरची पिशवी लावा. पिशवीतली भुकटी आटवून सोनं परत मिळेल, फिल्टरचे पैसे बरेचसे त्यातच सुटतील.

गलाईवाल्याचं_पोरगं:
आणि ती पिशवी आटवायला येणार कोणाकडं? आमच्याकडंच. मग फिल्टर आधी आमच्या शेगडीवर लावा की.