अनुभव धागा: पहिल्या तासाला सांगितलेले नियम, आणि पुढे वर्षभर काय झालं

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर, नववं वर्ष. पहिल्या तासाला नियम सांगावे लागतात: हजेरी, उशीर, मोबाइल, टेस्ट, असाइनमेंट. सुरुवातीला मी अभ्यासक्रमासोबतचा इंग्रजी कागद झेरॉक्स करून वाटायचो. संध्याकाळी तेच कागद बाकांखाली पडलेले असायचे.

एका वर्षी ऑक्टोबरात कमी हजेरीची यादी लागली. एक पोरगी बोर्डासमोरून हलेना. मला म्हणाली, "सर, पंच्याहत्तर टक्के म्हंजे किती दिवस जी?" टक्केवारी तिला येत होती. कशाचे टक्के, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हापासून कागद मराठीत लिहितो आणि वर्गात मोठ्यानं वाचतो. 2024-25 पासून आमच्याकडे नवीन शैक्षणिक धोरणाचं क्रेडिट आलं, म्हणजे विषयाचं वजन तासांवरून मोजायची पद्धत, त्यानं हिशेब उलट सोपा झाला. एका क्रेडिटला 15 तास, 4 क्रेडिटचा विषय म्हणजे 60 तास. त्याचे 75 टक्के 45. म्हणजे तुमच्या हातात 15 तास. आजारपण, घरचं लग्न, कापसाची वेचणी, चुकलेली एसटी, सगळं त्या 15 मध्ये बसवायचं. वहीच्या शेवटच्या पानावर 15 चौकोन काढायला लावतो. तास बुडाला की एक चौकोन खोडायचा. डिसेंबरात पोरं आपणहून येऊन सांगतात, सर, माझे चारच राहिले.

माझं ठाम मत आहे की नियम कडक असला तरी चालतो, पण तो पोरांच्या भाषेत सांगितलेला हवा, आणि पाळणं जमत नसेल तर कुणाशी बोलायचं हेही त्याच वेळी सांगायला हवं. तुम्ही विद्यार्थी असा, शिक्षक असा की पालक, कोणत्या नियमानं भलं झालं आणि कोणता नडला ते लिहा. कॉलेजचं किंवा माणसाचं नाव नको.

बी.ए. दुसरं वर्ष, झरी-जामणी तालुका

आमच्या गावाहून सकाळी एकच एसटी आहे. ती वेळेवर आली तर मी पहिल्या तासाला पाच मिनिटं आधी पोचते. फाट्यावर गर्दी असली की गाडी थांबत नाही, मग ऑटो भरेपर्यंत बसावं लागते. प्रथम वर्षाला एका विषयाला नियम होता, दार लागलं की आत यायचं नाही. मी कितीतरी तास व्हरांड्यात उभी राहून खिडकीतून ऐकले आहेत. वहीत लिहिलंही. पण हजेरी लागली नाही.

यंदा दुसऱ्या मॅडमनं पहिल्याच दिवशी विचारलं, कोण कोण एसटीनं येते? अर्ध्याहून जास्त हात वर झाले. त्यांनी गावांची नावं आणि गाडीच्या वेळा वहीत लिहून घेतल्या. आता आम्ही मागच्या दारानं यायचं, बॅग न वाजवता बसायचं, आणि तास संपल्यावर हजेरी सांगायची. दहा मिनिटांच्या वर उशीर झाला तर अर्धा चौकोन (आमच्याकडे चौकोन नाहीत, पण तसंच). मला हा नियम पटतो. उशीर मोजला जातो, पण तास बुडत नाही.

शेतकरी, आर्वीकडचा. पोरगी टाइप करून देत आहे

माह्या पोरीच्या कॉलेजातून फोन आला का ती पंधरा दिवसांपासून येत नाही. मॅडम बोलत होत्या. मी म्हटलं, म्याच ठेवली तिले घरी. सोयाबीन वाळून गेलं होतं, शेंगा फुटून राहिल्या होत्या, सोंगायले मजूर भेटेना. पोरीनं मले सांगितलं नाही का हजेरी कमी झाली तर परीक्षेले बसू देत नाही. तिले वाटलं बाबाले टेन्शन येईन.

मॅडम रागावल्या नाही. म्हणाल्या, बाबा, सोंगणीचे दिवस तुम्हाले आधी माहीत असतात, तर आधी सांगा, म्हणजे तेवढ्या दिवसांचं तिचं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचमध्ये टाकता येते. हे मले कोणी सांगितलंच नव्हतं. ॲडमिशनच्या दिवशी फी किती ते सांगितलं, फोटो किती लागतात ते सांगितलं. यंदा मी दिवाळीच्या आधीच कॉलेजात जाऊन आलो.

रसायनशास्त्राचा शिक्षक, अकोला जिल्हा

माझ्या प्रयोगशाळेतले नियम वाटाघाटीचे नाहीत. ॲप्रन, बांधलेले केस, बंद बूट. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. सल्फ्युरिक ॲसिडमध्ये पाणी पडलं की ते उकळून अंगावर उडतं. माझ्या डाव्या मनगटावर विद्यार्थिदशेतला डाग आहे, तो मी पहिल्या दिवशी बाही वर करून दाखवतो.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा प्लास्टिकची चप्पल घालून आला. मी परत पाठवला. पुढच्या प्रॅक्टिकलला आलाच नाही, त्यानंतरच्यालाही नाही. हातचा हुशार होता. ब्युरेटमधून, म्हणजे थेंब थेंब सोडायच्या मोजमापाच्या काचनळीतून, शेवटचा थेंब अर्धा तोडायची त्याची पद्धत मी इतरांना दाखवायचो. त्याच्या गावच्या एका मुलाला विचारलं तेव्हा कळलं की घरात बुटांचा एकच जोड आहे, आणि तो घालून मोठा भाऊ पहाटे पोलीस भरतीच्या सरावाला ग्राउंडवर जातो. भाऊ परत येईपर्यंत याची एसटी निघून गेलेली असे.

नियम मी सैल केला नाही. करणारही नाही, कारण पायावर पडलेला थेंब चप्पल कुणाची हे बघत नाही. पण त्या वर्षी पास होऊन जाणाऱ्या पोरांना म्हटलं, जुने बूट इथे ठेवून जा. आता काचसामानाच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात 6 नंबरपासून 10 नंबरपर्यंतचे नऊ जोड आहेत. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. यायचं, घालायचे, जाताना ठेवायचे. दर पंधरा दिवसांनी आमचे लॅब असिस्टंट ते उन्हात टाकतात. तो मुलगा सुटलेले तिन्ही प्रयोग शनिवारी येऊन करून गेला आणि त्याच्या जर्नलवर मी सही केली.

बी.कॉम., पास होऊन तीन वर्षं झाली

आमच्या वेळी 80 गुणांचा पेपर आणि 20 गुण अंतर्गत होते. ते 20 कशाचे, हे तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. एका विषयात 9 मिळाले, कारण विचारायला गेलो तर हाकलून दिलं. एवढंच लिहायचं होतं.

भामरागड तालुका, आता नोकरीला

मी गोंडवाना विद्यापीठाच्या पहिल्या काही बॅचमधला. 2011 ला चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी वेगळं विद्यापीठ झालं, म्हणून परीक्षेच्या कामासाठी नागपूरला जायची पाळी आमच्यावर आली नाही. पण कॉलेज होतं अहेरीकडे आणि घर होतं पर्लकोटा नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहायची, रस्ता बंद व्हायचा. त्यात माझी एक टेस्ट गेली.

नियम असा होता की टेस्ट चुकली तर मेडिकल सर्टिफिकेट आणा, मगच फेरपरीक्षा. मी आजारी नव्हतो. मित्र म्हणाले, शंभर रुपयांत सर्टिफिकेट मिळते, आणून दे. मला ते जमलं नाही. सरांकडे गेलो. घरी आम्ही माडिया बोलतो, घाबरलो की माझी मराठी अडकते. मी एवढंच म्हटलं, "सर, पाणी होतं." सरांनी बसायला सांगितलं, माझ्याकडून अर्ज लिहून घेतला, शब्द अडला तिथे सांगितला, आणि त्याच आठवड्यात टेस्ट घेतली. पुढच्या वर्षीच्या सूचनेत "पूर, रस्ता बंद" असं छापून आलं. सरपंचाचं पत्र चालेल, असंही होतं.

त्याच सरांचा दुसरा नियम मला जड गेला होता: आठवड्यातून एकदा प्रत्येकानं उभं राहून एक वाक्य बोलायचं. सहा महिने माझे पाय कापायचे. आज मी ज्या खिडकीवर बसतो तिथे दिवसभर बोलावंच लागतं.

मराठीची प्राध्यापक, बुलडाणा जिल्हा

असाइनमेंट उतरवून काढायची नाही, हा नियम मी दर वर्षी सांगायची आणि दर वर्षी गठ्ठ्यात एकाच वहीची चूक पंचवीस वह्यांत सापडायची. आता मोबाइलवरून तयार उत्तरही येतं, अगदी शुद्ध भाषेत. मग मी प्रश्नच बदलला. आठवडी बाजारात ऐकलेले दहा शब्द लिहा, कोण बोललं आणि कशावरून बोलणं निघालं तेही लिहा. एका मुलानं बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून होणाऱ्या सौद्याचे शब्द आणले. त्यातले चार मला माहीत नव्हते. त्याला मी वर्गात फळ्यावर लिहायला लावलं.

सूचना फक्त व्हॉट्सॲपवर टाकणाऱ्या शिक्षकांना मात्र विनंती आहे. घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात. बोर्डावरही लिहा.

बी.ए. तिसरं वर्ष, दर्यापूरकडची

पहिलं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. बाळ आठ महिन्यांचं आहे, सासूबाई सांभाळतात. आमच्या वर्गात नियम आहे की मोबाइल बंद करून बॅगेत ठेवायचा. जूनमध्ये पहिल्या तासानंतर मी मॅडमना थांबवून सांगितलं, बाळ लहान आहे, फोन बंद नाही ठेवू शकत. त्या म्हणाल्या, दाराजवळच्या बाकावर बस, फोन सायलेंट करून वहीखाली ठेव, आणि वाजला तर मला विचारत बसू नको, उठून जा.

आतापर्यंत दोनदाच वाजला. एकदा ताप होता. दुसऱ्यांदा सासूबाईंना दूध पावडरचा डबा सापडत नव्हता.