दोन वर्षांत घर घ्यायचंय, मग स्मॉल कॅप कशाला?

नवी मुंबईत उलव्याच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट दोन वर्षांत जमवायचंय म्हणणाऱ्यांना या चर्चेत कुणीतरी स्मॉल कॅप फंड, म्हणजे छोट्या कंपन्यांचे शेअर घेणारा म्युच्युअल फंड सुचवलाय, ते वाचून राहवलं नाही. बाजार नियामक सेबीच्या नियमानुसार या फंडाचे किमान 65 टक्के पैसे बाजारमूल्यात 251व्या क्रमांकापासून पुढच्या कंपन्यांत असतात. पडझडीत अशा शेअरना गिऱ्हाईक मिळणं मुश्किल, आणि बिल्डर काही बाजार सावरेपर्यंत थांबत नाही. एवढ्या मुदतीला लिक्विड किंवा मनी मार्केट फंड बरा, हे शेअरऐवजी अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवतात. लिक्विड फंडातले रोखे जास्तीत जास्त 91 दिवसांचे, त्यामुळे व्याजदर हलले तरी फारसा फटका नाही. नफ्यावर कर मात्र उत्पन्नाच्या स्लॅबप्रमाणे, एफडीसारखाच. फक्त तो दरवर्षी नाही, पैसे काढल्यावर लागतो.

स्मॉल कॅप वाईट नाही हो. ऐरोलीत नुकती नोकरी लागलेल्या, दहा वर्षं पैशाला हात न लावणाऱ्या पोराने त्यात जरूर एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) करावी, पण आधी निफ्टीचा साधा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्याच कंपन्या घेणारा. ईएलएसएसचं, म्हणजे कर वाचवायला घेतात त्या शेअर फंडाचं म्हणाल तर नवीन करप्रणालीत अशा गुंतवणुकीवरची (80सीची म्हणतात ती) वजावटच नाही, मग तीन वर्षं पैसे अडकवायचे कशाला? आणि फंड स्वतः निवडणार असाल तर डायरेक्ट प्लॅन घ्या, वितरकाचं कमिशन वाचतं.